प्लंबर: नळवाला की शिसेवाला?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत म्हणे 'प्लमर' म्हणतात, स्पेलिंगमधला बी उच्चारतच नाहीत. आपण सगळे 'प्लंबर' म्हणतो, ते चूक का? आणि या शब्दात ना पाणी, ना नळ. मग तो नळवाल्याला चिकटला कसा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याची किल्ली तिथेच आहे. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिशाची संज्ञा 'पीबी' अशी घोकलेली आठवते? इंग्रजीत शिसं म्हणजे लेड, मग हे पीबी कुठलं? ते लॅटिनमधलं. शिशाला तिथे 'प्लुंबुम' म्हणत आणि शिशाचं काम करणाऱ्याला 'प्लुंबारियुस'. म्हणजे प्लंबर मुळात नळवाला नव्हे, शिसेकाम करणारा. तांब्याचं काम करणारा तो तांबट, तसाच.

रोमन लोकांनी पाण्याच्या नळ्यांना शिसं निवडलं ते उगीच नाही. हा धातू मऊ, लोखंडासारखा गंजत नाही आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे साध्या भट्टीवरही काम होतं. शिशाचा पत्रा ओतायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा आणि सांधा डाख देऊन बुजवायचा, झाली नळी. काही नळ्यांवर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं आजही वाचता येतं. शिसं अंगाला बाधतं हेसुद्धा तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस लिहितो, की पाणी मातीच्या नळ्यांतून आणलेलं बरं. शिसं ओतणाऱ्या कारागिरांचे पांढरेफटक चेहरे बघा! हे कारागीर म्हणजेच आपले प्लंबर.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्लंबर बरेचदा छपरावर सापडायचा. चर्चच्या छपरांना शिशाचे पत्रे, पन्हळी, पाण्याच्या टाक्या, सगळं त्याच्याकडे. लंडनच्या प्लंबरांच्या संघाला १३६५ साली नियमावली मिळाली आणि १६११ साली राजाची सनद. पुढे घराघरांत नळ आले, तेही शिशाचे, म्हणून काम आपसूक त्याच्याकडेच गेलं. मग तांबं आलं, प्लास्टिक आलं. अमेरिकेत १९८६ सालच्या कायद्याने पिण्याच्या पाण्यासाठी नवे शिशाचे पाइप टाकायलाच बंदी झाली. धातू गेला, नाव उरलं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कासार म्हणजे मूळचा कांस्यकार, काशाची भांडी घडवणारा. पण आपल्या आज्या कासाराकडे जायच्या त्या बांगड्या भरायला!

आता तो बी. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे आला आणि फ्रेंचांनी बी वाटेतच गाळलेला होता. त्यामुळे जुन्या इंग्रजीत तो बिनबीचाच दिसतो; 'प्लमर' हे आडनाव अजून तसंच लिहितात. पुढे लॅटिन जाणणाऱ्या मंडळींना मूळ रूपाचा उमाळा आला आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये बी परत आणून बसवला. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' म्हणजे शंका, या शब्दांतले मुके बी याच खटाटोपाचे. लेखणीने ऐकलं, जिभेने ऐकलं नाही.

आपला उच्चार स्पेलिंगवरून बेतलेला आहे, 'बॉम्ब'सारखाच. शिवाय खांब, लांब, थांब म्हणणाऱ्या जिभेला हा 'ब' कशाला जड जाईल? तेव्हा इंग्रजी बोलताना बी गिळा, मराठीत खुशाल प्लंबर म्हणा. सोसायटीच्या वॉचमनला 'प्लमर आला का?' विचारून पाहा, तो तुमच्याकडेच बघत राहील.

याच घराण्यातला आणखी एक शब्द गवंड्याच्या हातात असतो. दोरीला शिशाचं वजन बांधून भिंत सरळ आहे का हे बघायचं, म्हणून इंग्रजीत ते 'प्लम'. इथेही लिहिताना शेवटी बी, बोलताना नाही. आपण त्याला ओळंबा म्हणतो. पण 'लंब' आणि 'प्लंब' भाऊ-भाऊ म्हणून कुणी टाळ्या पिटू नयेत. ओळंबा आला 'अवलंब'वरून, म्हणजे लोंबणारा. आपला शब्द क्रियापदाच्या धातूतून निघाला, त्यांचा खाणीतल्या धातूतून.

जाता जाता शिसपेन्सिलीबद्दल. इंग्लंडमधल्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात काळा, मऊ, रेघ उमटवणारा दगड सापडला. लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. तो कार्बन आहे हे १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, पण तोवर इंग्रजीत 'लेड पेन्सिल' रुळली होती. तिच्यावरून आपली शिसपेन्सिल झाली, आणि तिच्यात शिसं औषधालाही नाही.