निळा रंग मागेच का राहिला?

प्रश्न : सर, मुलाने नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अगरची (समुद्री शेवाळापासून काढलेल्या पावडरीची) जेली केली. दोन खळगे पाडून एकात मिथिलीन ब्लू टाकलं, दुसऱ्यात मिठाईत टाकतात तो पिवळा रंग, टार्ट्राझिन. निळ्याचा रेणुभार ३२०, पिवळ्याचा ५३४, म्हणजे हलका निळा पुढे पळायला पाहिजे ना? पण सकाळी पाहतो तर पिवळा लांब आणि निळा खळग्यापाशीच. काय चुकलं? — एक वाचक भगिनी, यावल

उत्तर : काहीच नाही चुकलं ताई, उलट पोराला फुकटात भारी गोष्ट सापडली. अगरच्या लांब रेणूंच्या साखळ्यांवर सल्फेटचे ऋण भार असतात आणि मिथिलीन ब्लू धन, त्यामुळे तो चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. टार्ट्राझिन स्वतःच ऋण, त्याला कोण धरणार!

आपल्याकडचं लग्न आठवा, मांडवाच्या दारातून वरणबट्टीच्या पंगतीपर्यंत जायचंय पण खुर्चीत बसलेला एकेक पाहुणा हात धरतो, "बस ना भाऊ, कवा आला?" दहातली नऊ मिनिटं अशी गेली की पसरण्याचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. अंतर मात्र दहाव्या हिश्श्याचं होत नाही, इथेच लोक फसतात, कारण अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून तेवढ्याच वेळात साधारण तिसरा हिस्सा तरी कापला जातो.

आता पाहुणे खुर्चीत नसून वरातीत डीजेपुढे नाचत असले तर? ज्याने हात धरला तोच झुलत झुलत तुम्हाला दोन पावलं पुढे नेतो, आणि त्याने सोडायच्या आधी दुसरा धरतो. साखळ्या लवचिक असल्या की धरलेला कणही असा सरकत राहतो. आपल्या पेशीच्या केंद्रकाची छिद्रं अशाच लुळ्या प्रथिनांनी भरलेली असतात. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (म्हणजे ४० हजार रेणुभारापेक्षा) मोठं प्रथिन त्यातून एकटं जवळपास जातच नाही, पण इम्पोर्टिन नावाचा वाहक त्या साखळ्यांना हलकेच धरत-सोडत तेच ओझं काही मिलिसेकंदांत पार नेतो. म्हणजे चिकटण्यामुळेच वाट मिळते! अट एकच, पकड सैल पाहिजे, घट्ट धरलं की संपलं.

पोराला सांगा, दुसरी थाळी करताना अगरमध्ये चिमूटभर जास्तच मीठ घाल, सोडियमने ते ऋण भार झाकले जातात आणि निळा जरा मोकळा सुटतो. दोन्ही थाळ्या एकाच जागी ठेवा मात्र, एक उन्हात एक सावलीत नको.