वडिलांशी त्यांच्या मरणाबद्दल कसं बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७८ वर्षांचे आहेत, व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे त्यांना आत्ताच विचारून ठेवावंसं वाटतं, पण 'अभद्र बोलतोस' म्हणून ते रागावतील. मी पाहिलंय ते उलटं आहे. म्हातारी माणसं रागावत नाहीत, मुलं रागावतात.

आमची आई इथे इंदूरला एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत गेली. ती घशातली नळी ओढून काढायची म्हणून तिचे हात बांधले होते. तिला काय हवं होतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. दादा परदेशातून फोनवर एकच सांगे, "जे जे शक्य आहे ते सगळं करा." बाबा बाहेरच्या बाकावर बसून ऐकत राहायचे.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका रविवारी, पोहे खाऊन झाले आणि बाबांनी कपाटातून एफडीची फाईल काढली. म्हणाले, "प्रत्येक एफडीला नॉमिनी आहे. माझी वाचा गेल्यावर माझ्या वतीने कोण बोलणार, ते कुठे लिहिलंय?" सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे आपली शुद्ध गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हे सगळं त्यांनी पेपरात वाचून ठेवलेलं. रामबागेतले दोन जुने मित्र साक्षीला घेऊन ते स्वतः नोटरीकडे गेले. निर्णय घेणारी म्हणून माझं नाव घातलं.

दादा फोनवर मला म्हणाला, "तू बाबांना मारायला निघालीस." बाबांनी फोन हातात घेतला, "अरे, तिने नाही, मी लिहिलंय."

पुढे त्यांची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी नळी घालायचं विचारलं तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते, स्पष्ट नाही म्हणाले. शुद्धीवरच्या सज्ञान माणसाला तो हक्क आहेच, कागद लागतो तो शुद्ध गेल्यावर. आम्ही त्यांना घरी आणलं. ऑक्सिजन होता, धाप कमी व्हावी म्हणून थोडं मॉर्फिन होतं, आणि ते आपल्या खाटेवर, आमच्याशी बोलत गेले. तेराव्यालाच आत्याने ऐकवलं, "दवाखान्याचा खर्च वाचवला." बाबांच्या मनासारखं केलं याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुणापुढे लपवणार नाही.

तर विचाराच. एखाद्या नातेवाइकाला आयसीयूत बघून घरी परताल ना, तेव्हा गाडीतच विचारा, "बाबा, तुम्हाला असं चालेल का?" ते बोलायला लागले की मध्ये 'असं काय बोलता' म्हणू नका. बहुतेक घरांत विषय तिथेच मरतो.

हो, एक सांगायचं राहिलं. बऱ्या होणाऱ्या आजारात हा कागद आड येत नाही. न्यूमोनियात काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून ठणठणीत घरी आलेली माणसं आहेत. सुधारणेची आशा नाही असं आधी दवाखान्याच्या आणि मग दुसऱ्या, अशा तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी ठरवावं लागतं. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. लिहिलेलं केव्हाही लेखी रद्द करता येतं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या, एक नगर निगमच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते.

आणि थोरला मुलगा म्हणून कुणाचं नाव घालू नका. थोरलेपणाचा मान अग्नी देताना दादाला दिला, कुणी हिरावला नाही. पण रात्री बाबांची धाप ऐकत जागं राहणारं माणूस वेगळं होतं, आणि बाबांनी त्याचं नाव लिहिलं. कागदावर एकाहून जास्त नावं घालता येतात. तुमच्याकडे भावंडांत दुमत असेल तर सगळ्यांना वडिलांसमोर बसवा, मतभेद झाला तर कुणाचं ऐकायचं ते त्यांनाच विचारा, आणि ते उत्तरही त्याच कागदात लिहून घ्या.