ऱ्हुमॅटॉलॉजी फेलोशिप निवडताना शिक्षकांबद्दल काय विचारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मेडिसिन झालंय, ऱ्हुमॅटॉलॉजीच्या, म्हणजे संधिवाताच्या आजारांच्या, फेलोशिपसाठी (पुढच्या प्रशिक्षणासाठी) दोन जागा हातात आहेत. एकीकडे शिक्षकांची लांबलचक यादी आणि त्यात निम्मी नावं परिषदांमध्ये भाषणं देणारी, दुसरीकडे मोजून चार जण. कुठे जावं?

मी असते तर यादी बाजूला ठेवून दोन्हीकडच्या फेलोंना, म्हणजे तिथे शिकणाऱ्या डॉक्टरांना, एवढंच विचारलं असतं, की तुम्ही पेशंट तपासल्यानंतर त्याच सांध्याला पुन्हा हात कोण लावतं?

आपल्या शाखेत रिपोर्टवर विसंबलं की फसायला होतं. एएनए ही ल्युपससारख्या आजारांसाठी करतात ती रक्ततपासणी १:४० इतक्या पातळ केलेल्या रक्तद्रवात निरोगी माणसांतही चारातल्या एकाची तरी पॉझिटिव्ह येते. आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी, पण तो हिपॅटायटिस सी मध्येही पॉझिटिव्ह येतो, नुसत्या वयानेही येतो. हे सगळं पुस्तकात आहे, घरी बसून वाचता येतं. पण बोटाच्या मुळाशी आहे ती सायनोव्हियमची (सांध्याच्या आतल्या अस्तराची) सूज की वाढलेलं हाड, हे कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

उदाहरणच घ्या. फेलो सांगतो, दोन्ही हातांच्या दुसऱ्या-तिसऱ्या एमसीपीला, म्हणजे बोटाच्या मुळाच्या सांध्याला, सूज आहे. नीट शिकवणारा माणूस आधी त्याला सुजलेल्या आणि दुखऱ्या सांध्यांचे आकडे कागदावर लिहायला लावतो. मग स्वतः तपासतो. पेशंटचं बोट किंचित वाकवून, तर्जन्यांचा खालून आधार देऊन, दोन्ही अंगठे सांध्याच्या रेषेवर टेंडनच्या दोन बाजूंना ठेवतो. एका अंगठ्याने दाबलं की दुसऱ्याखाली मऊ, लिबलिबीत काहीतरी सरकतं. हाड असेल तर टणक लागतं, सरकत नाही. दुखरेपणा बघताना दाब किती द्यायचा? आपल्याच नखाखालचा गुलाबी रंग पांढुरका पडेल इतका. मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे आणि जिथे फरक पडला तो सांधा दोघांनी मिळून पुन्हा बघायचा. पाचेक मिनिटांचं काम आहे, पण ओपीडी तुंबलेली असताना ती पाच मिनिटं काढणारे फार नसतात.

असाच माणूस हेही दाखवतो की डीएएस २८ मध्ये, म्हणजे २८ सांधे तपासून संधिवाताचा जोर मोजणाऱ्या स्कोअरमध्ये, पावलं आणि घोटे धरलेलेच नाहीत. पेशंट लंगडत आत येतो आणि स्कोअर मात्र छान दिसतो. मोजेबूट काढायला लावणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरी खूण सूक्ष्मदर्शकाची. गाउटच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे (युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे) सुईसारखे स्फटिक पोलराइज्ड प्रकाशात ओळखता येतात हे मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. तरीही कित्येक ठिकाणी पाणी काढून लॅबला पाठवून दिलं की फेलोचं काम संपतं. फेलोला शेजारी बसवून स्फटिकाची सुई कॉम्पेन्सेटरच्या (सूक्ष्मदर्शकातल्या रंग दाखवणाऱ्या फिल्टरच्या) अक्षाला समांतर आली की पिवळी, आडवी झाली की निळी, आणि सीपीपीडीचं (सांध्यातल्या कॅल्शियमच्या स्फटिकांचं) बरोबर उलट, हे फिरवून दाखवणारं कोणी आहे का ते बघा. स्फटिक दिसले म्हणून संसर्ग नाही असं होत नाही, कल्चर तरीही पाठवायचंच, हे त्याच टेबलावर कळतं.

औषधांच्या बाबतीत मी एकच कसोटी लावते : निर्णय आधी फेलोला घेऊ देतात का? शिक्षकाने उत्तर सांगून टाकलं की फेलो मान डोलावतो आणि विसरतो. जायंट सेल आर्टरायटिसचा (रक्तवाहिन्यांना सूज येऊन दृष्टी जाऊ शकते त्या आजाराचा) दाट संशय असेल तर बायॉप्सीची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते कमी कधी आणि किती करायचं, सोबत हाडांसाठी काय द्यायचं, यावर चांगले शिक्षकसुद्धा आपसात भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, १९५० मध्ये नोबेलही मिळालं, आणि दुष्परिणामांशी आपण अजून झगडतोय. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; ती लिहिताना आठवड्यातला वार लिहिला की नाही हे चिठ्ठीवर डोकावून बघणारे मला भाषणं देणाऱ्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. रोज घेतली गेली तर ती गोळी जीव घेऊ शकते.

आता नामवंतांवर अन्याय नको. स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होणं), मायोसायटिस (स्नायूंची सूज), व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांची सूज) असे कमी दिसणारे आजार पुरेशा संख्येने बघायला मिळतात ते बहुधा अशाच लोकांकडे, आणि संशोधन करायचं असेल तर त्यांच्याशिवाय भागत नाही. फक्त आठवड्यातून किती वेळा ते फेलोबरोबर ओपीडीत बसतात ते विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

चौघांच्या विभागाची अडचण वेगळी असते. चौघंही एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले असतील तर मतभेद ऐकायलाच मिळत नाहीत. अशा वेळी किडनी, छाती, त्वचा आणि रेडिऑलॉजीवाल्यांबरोबर नियमित बैठक होते का ते बघा. ल्युपसची किडनी बायॉप्सी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बघणं आणि नुसता ‘क्लास फोर’ (किडनीच्या इजेचा एक प्रकार) असा रिपोर्ट वाचणं यात फार अंतर आहे.

ही माहिती प्रमुखांसमोर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या फेलोला एकट्याला गाठा. ‘शिकवतात का?’ असं विचारलंत तर तो हो म्हणणारच. त्यापेक्षा विचारा, ‘तुझ्या सांगण्यावरून सरांनी किंवा मॅडमनी आपलं मत शेवटचं कधी बदललं?’ आणि ‘तुझ्या तपासणीत काय सुधारायला हवं, हे शेवटचं कोणी आणि काय सांगितलं?’ ‘छान चाललंय म्हणाले’ हे उत्तर मी मोजत नाही. ‘सकाळी सांधे ताठरतात का हे विचारलंस, पण किती वेळ ते विचारलं नाहीस’ असं काही ऐकू आलं तर तिथे शिकवणारी माणसं आहेत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, चौघंही रोज ओपीडीत असतील तर मी तिकडेच झुकते. मात्र होकार देण्याआधी सांध्यांच्या अल्ट्रासाउंडचं विचारून घ्या. मशीन बहुतेक ठिकाणी असतं, फेलोच्या हातात प्रोब कितव्या महिन्यात देतात ते कळायला हवं.