रोझेटा थार्प यांचा गिटारनाद

प्रश्न : अमेरिकन गायिका-गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प यांची गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तीची) गाणी गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (तारांच्या लावणीत) वाजवली की पोकळ का वाटतात?

उत्तर : कारण त्या गिटार ‘ओपन डी’मध्ये लावत, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी डी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) उमटतो. जाड, म्हणजे सहाव्या तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. सहावी, दुसरी, पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवा. तिसरी मात्र अर्धाच. इथेच गफलत होते : ती जास्त उतरली की सगळा कॉर्डच बेसूर. तार हव्या स्वराच्या खाली नेऊन मग वर चढवा, नाहीतर वाजवताना तार आणखी ढिली पडते.

१९१५ साली आर्कान्सात जन्मलेल्या रोझेटांनी १९३८ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी पहिली ध्वनिमुद्रणं केली. मँचेस्टरच्या रेल्वे फलाटावरचं १९६४ चं चित्रीकरण जरूर पाहा. पांढऱ्या गिब्सन गिटारवर उजवा हात काय सुटलाय!