कानबानला ‘मागणीपत्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की कारखान्यातल्या ‘कानबान’ कार्डाला मराठीत ‘मागणीपत्र’ म्हटलं तर चालेल का, आणि ‘पुल सिस्टीम’ला, म्हणजे पुढे जेवढा माल वापरला गेला तेवढाच मागे बनवायच्या पद्धतीला, काय म्हणायचं.

मागणीपत्र नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानीत कानबान म्हणजे पाटी, दुकानावर लावतात ती, आणि रोजच्या बोलण्यात तिकडे आजही हाच अर्थ आहे. टोयोटात तिथल्या ताइइची ओनोंनी बसवलेल्या उत्पादन पद्धतीत हा शब्द पार्टच्या डब्यासोबत फिरणाऱ्या कार्डाला चिकटला. अमेरिकन सुपरमार्केटमधे गिऱ्हाईक जेवढं उचलतं तेवढंच फळीवर परत भरतात, ही कल्पना ओनोंनी 1953 मधे मशीन शॉपमधे आणली, सगळ्या कंपनीत पसरायला 1962 उजाडलं.

आता आपल्याकडे स्टोअरला इंडेंट देतात ना, ते खरं मागणीपत्र. त्यात आकडा माणूस ठरवतो, शॉर्टेजची धास्ती असली की 200 लागत असताना 500 लिहून मोकळा होतो. कानबानमधे ही सोयच नाही, पार्ट नंबर, डब्यात किती नग, कुठून कुठे जायचं हे सगळं कार्डावर आधीच छापलेलं असतं, डबा वापरायला घेतला की कार्ड सुटून मागे, तो पार्ट बनवणाऱ्याकडे जातं आणि कार्ड आलं नाही तर मागच्याने माल बनवायचाच नाही, भले मशीन रिकामं उभं राहो. म्हणजे कार्ड माल मागतं तसं अडवतंही, आणि माझ्या मते अडवणं हेच त्याचं मोठं काम, ते ‘मागणीपत्र’ या शब्दात कुठेच येत नाही.

समजा लाईनला दिवसाला 400 नग लागतात, डबा भरून यायला अर्धा दिवस लागतो, एका डब्यात 50 नग. अर्ध्या दिवसाचे 200 म्हणजे 4 कार्डं, वर अडीअडचणीला एक, झाली 5. प्रत्येक भरलेल्या डब्याला कार्ड हवंच, त्यामुळे त्या पार्टचा साठा 250 च्या वर जातच नाही, कोणी कितीही घाबरलं तरी. साठा कमी करायचाय? एक कार्ड काढून घ्यायचं आणि काम कुठे अडतंय ते बघायचं.

कानबान आणि पुल एकच नाहीत बरं का. पुल ही पद्धत, कानबान त्यातलं एक साधन. टू-बिनमधे, म्हणजे एका पार्टचे दोनच डबे (बिन) फिरवतात तिथे, वेगळं कार्ड लागत नाही, रिकामा बिन मागे गेला की तोच निरोप.

पुलसाठी ‘ओढ पद्धत’, ‘खेच पद्धत’ असे शब्द सुचतात पण कोण काय खेचतंय ते त्यातून कळत नाही. आपल्या बाजारात ‘उचल’ आहे की, ‘यंदा मालाला उचल नाही’ असं व्यापारी म्हणतातच, मग पुलला ‘उचल तशी भर’ म्हणा आणि पुशला, म्हणजे पुढे किती लागेल याचा अंदाज बांधून आधीच माल बनवण्याला, ‘अंदाजाने उत्पादन’. फक्त उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे असाही अर्थ आहे, ऊसतोडीत तर तोच आधी आठवतो, म्हणून पहिल्यांदा लिहिताना ‘मालाची उचल’ असं पूर्ण लिहावं. कानबान मात्र कानबानच राहू द्या, लाईनवर नुसतं ‘कार्ड’ म्हटलं तरी भागतं.