बोळ, काळा बोळ आणि बाटलीवरचं ‘मर’

प्रश्न असा आलाय: ‘सासूबाई बाळंतिणीच्या औषधांत हिराबोळ म्हणतात. नाताळात शेजारच्या काकूंनी मराठी बायबलमधला उतारा वाचला, त्यात सोनं, ऊद आणि गंधरस होता. मुलीने मागवलेल्या तेलाच्या बाटलीवर देवनागरीत “मर ऑइल” छापलंय. आणि मांडवीजवळ एका दुकानात बोळ मागितला तर काळा, काचेसारखा खडा हातात पडला. हे सगळं एकच का? मराठीत लिहावं काय?’

ताई, चारांतले तीन एकच आहेत, चौथा नाही. त्या चौथ्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवलाय, म्हणून आधी तोच सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी हिरडी सुजली होती. आई म्हणाली, बोळाच्या पाण्याने चुळा भर. मी दांडिया बाजारातून निघून गांधीच्या दुकानात गेलो. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: गुजरातीत गांधी म्हणजे काष्ठौषधी नि मसाल्याचे जिन्नस विकणारा, आणि त्याचा माल म्हणजे गांधियाणुं. आडनावही तिथलंच.) गल्ल्यावर एक पोरगा होता. ‘बोळ द्या’ एवढंच मी म्हणालो आणि त्याने दिलेली पुडी घेऊन आलो. खडा काळा, चकचकीत; फोडला तर काच तडकावी तसा तुटला. सहाणेवर उगाळून चुळा भरल्या आणि थोडं पाणी पोटातही गेलं. सबंध दुपार वाऱ्या सुरू होत्या. संध्याकाळी पुडी परत नेली तेव्हा दुकानाचे म्हातारे मालक हसून म्हणाले, ‘आ तो एळियो छे. आखुं नाम बोलो ने, हीराबोळ!’ (हा तर एळिया. पूर्ण नाव सांगा ना!)

चूक माझीच होती. काळा बोळ, म्हणजेच एळिया, हा कोरफडीचा वाळवलेला रस. आतला पांढरा गर नव्हे. पान कापलं की सालीलगत जो पिवळा, जहर कडू रस गळतो, तो आटवून केलेला. तो जबर रेचक आहे. हिराबोळ मात्र झाडाचा डिंक. सोमालिया, इथिओपिया, येमेन या कोरड्या मुलखात एक काटेरी, खुरटं झाड होतं. त्याच्या सालीला खाच पडली की चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. आपला गुग्गुळ याचा सख्खा चुलतभाऊ, एकाच प्रजातीतला. हिराबोळाचा खडा तांबूस तपकिरी, वरून खडबडीत आणि धूळ बसल्यासारखा असतो. फोडला की आत जरा तेलकट दिसतं, कुठे पांढरट रेघ. सहाणेवर पाणी घालून फिरवला की दुधाळ पिवळसर उतरतो आणि वास खोलीभर होतो. काळ्या बोळाला हा वास नाही. कडूपणा मात्र दोघांनाही आहे, आणि घोटाळ्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

आता शब्द. संस्कृतात हा ‘बोल’, आणि याचंच दुसरं नाव ‘गंधरस’. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येताना ळ होतो: फल-फळ, काल-काळ, बाल-बाळ, गुग्गुलु-गुग्गुळ. तसाच बोल-बोळ. मग आपण तोंडाने बोलतो तो ‘बोल’ का नाही बदलला? कारण तो प्राकृतातल्या ‘बोल्ल’वरून आलाय, आणि जोड ल्लचा मराठीत नुसता ल उरतो. फुल्लचं फूल झालं आणि फलाचं फळ, तोच न्याय. मला हे फार गोड वाटतं: एका ळमुळे डिंक आणि बोलणं वेगळे राहिले. गुजरातीतही ळ असल्यामुळे बडोद्यात ही अडचण येत नाही. इंदूरच्या मावशीकडे मात्र पुडीवर हिंदीत ‘हीरा बोल’ लिहिलेलं असतं आणि तिचा नातू ते दर वेळी हुकूम दिल्यासारखं वाचतो.

‘हिरा’ हा बाजाराचा शिक्का. हिंगातही हिराहिंग असतोच. ‘बाळंतबोळ’ हेही हिराबोळाचंच नाव, कामावरून पडलेलं. वैद्यकात बोलपर्पटी, बोलबद्ध रस यांत हाच बोळ असतो, रक्तस्रावावर. उलट पाळी आणण्यासाठी देतात त्या रजःप्रवर्तिनी वटीत असतो तो कोरफडीचा रस, म्हणजे आपला काळा. त्यामुळे नुसतं ‘बोळ’ लिहिणं शब्दकोड्यात चालेल, औषधाच्या चिठ्ठीत नाही. आणि बाळंतिणीला देतात म्हणून गरोदरपणात कुणी घेऊ नये. तिथे हिराबोळ वर्ज्य मानतात.

बाटलीवरचं ‘मर’ इंग्रजीतून आलंय, पण शब्द इंग्रजांचा नाही. अरबीत मुर्र म्हणजे कडू, हिब्रूत मोर. तिथून ग्रीक, लॅटिन असा फिरत तो इंग्रजीत पोचला. युनानी हकीम आजही मुर मक्की म्हणतात, मक्केकडून येणारा तो. हा व्यापार जुना. इ. स. पूर्व १५व्या शतकात इजिप्तच्या राणी हात्शेप्सुतने तांबड्या समुद्राकडच्या पुंत नावाच्या प्राचीन देशी जहाजं पाठवली आणि बोळाची जिवंत झाडं मुळांसकट टोपल्यांतून आणवली. देर अल-बहारीच्या तिच्या मंदिरात भिंतीवर ते चित्र कोरलेलं आहे. मृतदेह टिकवताना पोटात कुटलेला बोळ भरत, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय.

तेल म्हणाल तर ते याच खड्यांतून वाफेने काढतात. जाडसर, पिवळट-तपकिरी, वासाला थोडं मातकट, थोडं औषधी. अत्तरवाल्यांना ते हवं असतं, कारण उडून जाणाऱ्या वासांना ते धरून ठेवतं. बोळाचा अर्क चुळांसाठी पाश्चात्त्य औषधांतही होता, म्हणजे आई चुकली नव्हती. १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं एक संशोधन आलं: बोळातली काही द्रव्यं मेंदूतल्या अफूच्याच जागांवर काम करून वेदना कमी करतात. वधस्तंभावर चढवण्याआधी येशूपुढे बोळ मिसळलेला द्राक्षारस धरला, तो त्याने घेतला नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. ते वाचताना हे संशोधन आठवतं. बाटलीतलं तेल मात्र पोटात घ्यायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या उताऱ्यातला ‘ऊद’ जास्त गमतीचा आहे. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, विशेषतः अगरूचं. मराठी घरात निखाऱ्यावर टाकतो तो ऊद म्हणजे जावा-सुमात्राकडचा डिंक. आणि बायबलच्या मराठीत ऊद ज्याच्यासाठी आलाय तो तिसराच, आपल्या सालईच्या नात्यातल्या झाडाचा. त्याला अरबीत लुबान म्हणतात. आणि आपण लोबान म्हणतो तो पुन्हा जावाचाच! त्यापेक्षा ‘गंधरस’ची निवड किती नेटकी. जुना संस्कृत शब्द, वस्तू नेमकी तीच.

तर लिहायचं काय? धर्मग्रंथाच्या, पुराणकथेच्या संदर्भात गंधरस. दुकानात, स्वयंपाकघरात, वैद्याकडे हिराबोळ. तेलालाही ‘हिराबोळाचं तेल’ म्हणावं. देवघराच्या कोनाड्यात ‘मर’ लिहिलेली बाटली कोण ठेवील? दुकानातून आलेला तो काळा खडा फेकू नका. मुका मार लागला की आंबेहळदीबरोबर उगाळून त्याचा लेप लावतात. फक्त डबीवर नाव लिहून ठेवा, पूर्ण.