ठाण्यात या म्हणाले, आता काय करू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांची, राहणार कराड. इथल्या एका पतसंस्थेत पाच वर्षं कॅशियर होते, धाकटा झाला तेव्हा नोकरी सोडली, त्याला आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी संस्था अडचणीत आली, ठेवीदारांचे पैसे अडकले आणि आता गुन्हा दाखल झालाय. परवा संध्याकाळी हवालदारांचा फोन आला, "उद्या अकराला ठाण्यात या, साहेबांना जबाब घ्यायचाय, आधार कार्ड आणा." कशाबद्दल विचारलं तर म्हणाले आल्यावर कळेल. सासरे म्हणतात जाऊच नको, नवरा म्हणतो नाही गेलीस तर उलट संशय येईल, शेजारच्या काकू तर म्हणाल्या एकदा आत घेतलं की सोडत नाहीत. मी कुणाचा एक रुपया खाल्लेला नाही ताई. घाबरून मी बरं नाही असं सांगितलं आणि चार दिवस मागून घेतलेत. रात्री झोप लागत नाही. जाऊ का नको?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी लगेच थोडक्यात कळवलं होतं, पण असे प्रश्न मला सारखे येतात आणि बहुतेक सगळे असेच घाईत, घाबरून लिहिलेले असतात, म्हणून इथे नीट लिहिते.

पहिलं म्हणजे, ठाण्यातून बोलावणं आलं म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असं अजिबात नाही. ज्याला काहीतरी माहीत असेल अशा माणसाकडे तपास अधिकारी चौकशी करणारच, त्यांचं कामच आहे ते. तुम्ही त्या काऊंटरवर पाच वर्षं बसलात, व्हाउचर कोण सही करायचं, लॉकरची चावी कुणाकडे असायची हे तुम्हाला माहीत असणार, ते विचारायलाच बोलावलं असू शकतं.

पण "असू शकतं" यावर विसंबून जायचं नाही. तुम्हाला कोणत्या नात्याने बोलावलंय हे आधी कळलं पाहिजे, आणि ते फोनवर कळत नाही, कागदावर कळतं. १ जुलै २०२४ पासून जुनं सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यात यासाठी दोन वेगवेगळी कलमं आहेत. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९, जुनं १६०. तुमच्यावरच तक्रार किंवा संशय असेल पण लगेच अटकेची गरज नसेल तर कलम ३५ पोटकलम ३ ची नोटीस, जुनं ४१ अ, आपल्या कोर्टात अजून सगळे सवयीने एक्केचाळीस-ए च म्हणतात. नोटीस हातात आली की आधी वरचं कलम बघा, मग गुन्हा रजिस्टर नंबर, मग तारीख-वेळ, आणि खाली अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का.

आता तुमच्या बाबतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुमच्या घरात कुणालाच माहीत नाहीये असं दिसतं. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईमाणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. कलम १७९ मध्येच लिहिलंय, बोलावणं लेखी हवं, आणि महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांचा जबाब ते राहतात तिथेच जाऊन घ्यायचा. जुन्या कायद्यात पुरुषांचं वय ६५ होतं, ते आता ६० केलंय. स्वतःच्या मर्जीने ठाण्यात जायचं असेल तर जाता येतं, ती मर्जी मात्र तुमची, साहेबांची नाही.

ही काही कागदावरचीच गोष्ट नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकच्या दक्षता पोलिस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची यादी समोर ठेवली होती. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, खटला झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका बाईला असं ठाण्यात बोलावणं हाच कायद्याचा भंग आहे असं म्हटलं. ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो ते उत्तर न देण्याचा हक्क आहे हेही त्याच निकालात आहे. तो हक्क नव्या कायद्यात कलम १८० मध्ये आहे आणि घटनेच्या अनुच्छेद २० (३) मध्ये आहेच. बाकी प्रश्नांची उत्तरं मात्र खरी द्यायची, तिथे लपवाछपवी नको.

म्हणून सासऱ्यांचं "जाऊच नको" मला पटत नाही. लेखी आदेश आल्यावर नुसतं गप्प बसणं हा वेगळा गुन्हा होतो, भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम २०८, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आजारी असल्याचं खोटं कारण परत सांगू नका, प्लीज. त्यापेक्षा एक साधा अर्ज लिहा, की मी चौकशीला पूर्ण सहकार्य करायला तयार आहे, मला लेखी नोटीस द्यावी, आणि मी महिला असल्याने साक्षीदार म्हणून जबाब माझ्या राहत्या घरी घ्यावा. दोन प्रती काढा, ठाण्यात आवक विभागात नवऱ्याच्या हातून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच आणा. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. ही पोच जपून ठेवा, उद्या कुणी म्हणालं बाई टाळाटाळ करतात तर हीच दाखवायची.

नोटीस कलम ३५ ची निघाली तर मात्र घरी या म्हणता येणार नाही, ठरलेल्या वेळी जावंच लागेल. पण त्यातही संरक्षण आहे, तुम्ही नोटिशीप्रमाणे हजर राहताय तोवर अटक करता येत नाही, करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. अशा वेळी जाण्याआधी वकिलाला भेटा आणि अटकपूर्व जामिनाचं विचारा. पतसंस्थेच्या गुन्ह्यात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा, आपण ज्याला एमपीआयडी म्हणतो, तो लागलेला असू शकतो आणि त्यात आज साक्षीदार असलेला कर्मचारी उद्या आरोपींच्या यादीत गेलेला मी पाहिलाय. घाबरवायला नाही सांगत, पण हे माहीत असलेलं बरं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

आता जबाबाबद्दल, कारण खरी चूक तिथे होते. माझ्याकडे एक अशील आल्या होत्या, तुमच्यासारख्याच हिशेबाचं काम करणाऱ्या. सकाळी अकराला एका ठाण्यात गेल्या, संध्याकाळी सातपर्यंत बाकावर बसून, डब्याचं झाकणही उघडलं नाही, शेवटी जबाब टाईप झाला तेव्हा घरी लेकरू रडतंय म्हणून न वाचताच "हो बरोबर आहे" म्हणून सही करून निघाल्या. जबाबाची सुरुवात ठरलेली असते, "समक्ष विचारले वरून जबाब लिहून देते की", आणि शेवटही ठरलेला, "वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, बरोबर व खरा आहे". मधल्या मजकुरात त्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, "मला सदर व्यवहाराची कल्पना होती". त्या म्हणाल्या होत्या नंतर कल्पना आली. एका शब्दाचा फरक, पण तो निस्तरायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

म्हणून प्रत्येक ओळ वाचा, वेळ लागला तर लागू दे. चुकलं असेल तिथे दुरुस्त करायला लावा. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, आठवत नसेल तर "आठवत नाही", अंदाजाने तारखा आणि रकमा सांगू नका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ तेच सांगतं. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. जुनं रजिस्टर, पासबुक, मोबाईल काही मागितलं तर लेखी मागणी आणि पोच घेतल्याशिवाय देऊ नका, आधी झेरॉक्स काढून ठेवा.

काकूंची भीती राहिली. "बसवून ठेवणं" असा प्रकार कायद्यात नाहीये. एक तर तुम्ही घरी जायला मोकळ्या आहात किंवा तुम्हाला अटक झालीय, आणि अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अगदी अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. तरी कधी ठाण्यात जायची वेळ आलीच तर एकट्या जाऊ नका, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचे आदेश दिलेत, काही वेडंवाकडं घडलं तर त्या वेळेचं फुटेज राखून ठेवा असा अर्ज लगेच देता येतो.

प्रश्न : मुलाला दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची व्हॉट्सॲपवर नोटीस आलीय, तीन दिवसांत हजर राहा म्हणून. खरी समजायची का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, सुप्रीम कोर्टाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये परत सांगितलं. साक्षीदाराची कलम १७९ ची असेल तर ती फक्त त्याच ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला काढता येते, परराज्यातून नांदेडला नाही. तरी फेकून देऊ नका. नोटिशीतला नंबर सोडून त्या ठाण्याचा अधिकृत नंबर शोधा, गुन्हा रजिस्टर नंबर खरा आहे का विचारा आणि नोटीस रीतसर पाठवा असं लेखी कळवा. बऱ्याचदा अशा नोटिशीमागे खात्यात यूपीआयवर कुणा अनोळखी माणसाचे पैसे आलेले असतात, तेव्हा मुलाचं बँक स्टेटमेंट आधी बघून घ्या. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसून "डिजिटल अरेस्ट" म्हणत असेल, पैसे मागत असेल तर फोन कट करा आणि तिथल्या तिथे १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा, अशी अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही.